किडनी नाही, किडनीचा आजार वाढवलाय लॅबमध्ये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लॅबमध्ये माणसाची किडनी तयार झाल्याची बातमी तुमच्या पेपरात आली त्या दिवशी दादाचं डायलिसिस होतं. आठवड्यातून तीनदा असतं त्याचं, चार-चार तास. शेजारच्या बेडवरच्या काकांनी ती त्याला वाचून दाखवली आणि दुपारी त्याचा मला फोन, अगं आता कुणाकडे मागायला नको, वर्ष-दोन वर्षांत मिळेल बघ. त्याचा इतका खुललेला आवाज मी खूप दिवसांनी ऐकला त्यामुळे लगेच काही बोलवेनाच. पण ती बातमी तशी नाहीये म्हणून हे पत्र.

लॅबमध्ये जे वाढवतात त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. माणसाच्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी घेऊन त्यांच्या परत स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकतील अशा मूळ पेशी, बनवायच्या (हे माणसाच्या पेशींवर २००७ मध्ये जमलं, जपानच्या शिन्या यामानाकांना २०१२ चं नोबेल या कामासाठीच मिळालं), मग ठरलेल्या क्रमाने केमिकल देत गेलं की तीनेक आठवड्यांत त्या आपल्या आपण नळ्या आणि गाळण्यांसारखे भाग तयार करतात. पण सगळं एवढंएवढंसं, आणि पेशी गर्भातल्या बाळाच्या किडनीसारख्या कच्च्या. रक्त खेळवायची सोय नाही, लघवी बाहेर जायला वाट नाही. आपल्या एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक भाग, असतात! ते उचलून पेशंटला बसवायचा प्रश्नच सध्या येत नाही.

मग उपयोग काय, तर तो आमच्या घराला फार जवळचा आहे. आमच्याकडे पॉलिसिस्टिक किडनी आहे, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होत जातात आणि वर्षानुवर्षं वाढत चांगला भाग दाबून टाकतात. बाबा त्यातच गेले, तेव्हा आम्हाला फक्त किडनी फेल एवढंच कळलं होतं. आई-बाबांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. दादाला द्यायची म्हणून माझी तपासणी केली तर माझ्याही दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या, त्यामुळे तो मार्ग बंद झाला.

आता भाची मायक्रोबायोलॉजी शिकतेय, तिने मला सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या बेंजामिन फ्रीडमन यांचं काम समजावून सांगितलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्टेम सेलमधलं पीकेडी१ किंवा पीकेडी२ हे जीन (यातलं एक बिघडलं की हा आजार होतो) क्रिस्परने, म्हणजे जीन हवं तिथे कापायच्या तंत्राने, मुद्दाम बिघडवलं आणि त्यापासून किडनीचे ऑर्गनॉइड वाढवले, तर त्यांच्या नळ्यांना खरंच गाठी धरल्या. उंदरात हा आजार हुबेहूब माणसासारखा येत नाही आणि पेशंटला कळतं तोवर गाठी कधीच्या झालेल्या असतात, पहिली गाठ कशी धरते ते बघणार कुठे? ते इथे डिशमध्ये दिसलं. २०१७ मध्ये त्यांना आणखी एक सापडलं, ऑर्गनॉइड डिशच्या तळाला चिकटलेले असले तर गाठी कमी आणि सोडवून द्रवात तरंगत ठेवले तर खूपच जास्त आणि मोठ्या, म्हणजे नुसतं जीन नाही, पेशीच्या आजूबाजूला काय आहे त्यावरही गाठ वाढणं अवलंबून आहे. मला तर ही किडनी बनवल्यापेक्षा मोठी बातमी वाटते. पुढे २०१८ मध्ये हेच काम ३८४ खाचांच्या प्लेटमध्ये रोबोटकडून करून घेतलं, त्यामुळे एका वेळी कितीतरी गोष्टी तपासून बघता येतात. आपल्याकडेही २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमात बदल करून प्राण्यांऐवजी अशा चाचण्यांना वाट दिलीय, त्याबद्दल कुठे ठळक वाचल्याचं आठवत नाही.

परवा घरी जाऊन दादाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग एवढंच विचारलं, म्हणजे पोरीच्या वेळेपर्यंत औषध निघेल का. टोल्व्हाप्टन म्हणून एक गोळी आहे, गाठींचा वेग कमी करते, सगळ्यांना चालत नाही. त्याच्या पुढचं कधी येईल ते मी त्याला काय सांगणार.

तुम्हाला विनंती एवढीच की डायलिसिसच्या खुर्चीत बसून पेपर वाचणारी माणसं खूप आहेत, अशी बातमी देताना हे बसवण्यासाठी नाही, आजार समजून घ्यायला आणि औषध शोधायला आहे हे वरच्या दोन ओळींतच येऊ द्या. आणि ज्यांच्या घरात पॉलिसिस्टिक आहे त्यांनी भावंडांची आणि मोठ्या झालेल्या मुलांची सोनोग्राफी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी, बीपी मोजत राहावं, ते वाढलेलं असलं तर किडनी लवकर जाते, हेही त्याच बातमीत छापा. आम्हाला बाबांच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपली,
एक वाचक, सातारा