गावचं घर, मुंबईची खोली आणि पाहणीचा एकच फॉर्म

प्रति,
माननीय नियोजनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

जानेवारी २०२५पासून केंद्राच्या श्रमबल पाहणीत, म्हणजे कोण काम करतं आणि किती कमावतं हे घरोघर विचारणाऱ्या पाहणीत, जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक झाला आहे; विचारायची घरं आता जिल्हावार निवडतात. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय तुमच्या खात्यात येतं आणि अशा पाहण्यांत राज्याचा नमुनाही तेच गोळा करतं, म्हणून पत्र दिल्लीला न पाठवता तुम्हाला लिहिते आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे आकडे वेगळे निघण्याची वाट मोकळी झाली, हे चांगलंच झालं. पण ते ज्या फॉर्ममधून निघणार, त्यात आमचं घर मावत नाही.

एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, अशी पाहणीची व्याख्या. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर असलेला माणूस साधारणपणे त्यातून गळतो. म्हणजे नालासोपाऱ्याला राहून नोकरी करणारा चाकरमानी तिथला, आणि संगमेश्वरातली त्याची बायको, आईवडील, मुलं इथली. त्याचा पगार एका कागदावर. त्या पगारावर चालणारी औषधं, फी आणि पावसाआधीची कौलांची डागडुजी दुसऱ्या कागदावर. हे दोन कागद कधी एकत्र येत नाहीत. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्यात हजाराच्या वर गेलेले हे दोनच जिल्हे. याचं कौतुक करणारी भाषणं मी ऐकली आहेत. पुरुष मुंबईला आहेत, एवढाच त्याचा मुख्य अर्थ.

आता मजुरीचं बघा. रोजंदारीवाल्याला मागच्या सात दिवसांचं विचारतात, स्वतःचा धंदा असलेल्याला मागच्या तीस दिवसांचं. देवगडच्या हापूसच्या कलमवाल्याकडे मे महिन्यात गेलात तर तो श्रीमंत, ऑगस्टमध्ये गेलात तर कफल्लक, आणि मोहोराच्या वेळी गेलात तर फवारणीच्या उधारीत बुडालेला. माणूस तोच. पाहणी वर्षभर पसरलेली असल्यामुळे राज्याची सरासरी सावरते, पण जिल्ह्याच्या मोजक्या घरांवर ती सावरेल याची खात्री कोण देणार? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाला त्या दिवसांत काय मिळकत लिहायची? हर्णैच्या लिलावात टोपली घेऊन दारोदार विकणाऱ्या बाईच्या हिशेबात बर्फ, टेम्पो आणि गिऱ्हाइकांची उधारी असते. ‘महिन्याला किती सुटतात?’ याला तिच्याकडे एका आकड्यात उत्तर नसतं. आणि ती बाजारात असेल तर उत्तर देणार तिचा सासरा, कारण घरातल्या एकाने सगळ्यांची माहिती दिलेली पाहणीला चालते.

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ग्रामीण भारतात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण, २०१७-१८मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४मध्ये ४७.६ टक्के. यात स्वयंरोजगाराचा, घरच्याच कामात बिनपगारी मदत करण्याचा वाटा मोठा आहे. काजू सोलणारी, सुकट वाळवणारी बाई आधी ‘घरकाम’मध्ये होती आणि आता ‘मदतनीस’ झाली, की तिच्या हातात खरंच पैसे आले? सासऱ्याला विचारून हे कळायचं नाही. दिवसाचा वेळ कशात जातो हे विचारणाऱ्या २०२४च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. नवरा मुंबईत असलेल्या घरात हे ८८ कोण भरून काढतं, ते मात्र त्यात दिसत नाही.

जर्मनीत १९८४पासून दरवर्षी त्याच त्या घरांत जाऊन पगार, तब्येत, कुटुंब आणि ‘आयुष्यात समाधानी आहात का, शून्य ते दहा’ असं विचारतात. त्यामुळे नोकरी गेल्यावर त्याच माणसाचं काय झालं, हे सांगता येतं. आपल्याकडे भारत मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५मधली बरीचशी घरं २०११-१२मध्ये पुन्हा गाठली होती. श्रमबल पाहणीही आता एका घरी सलग चार महिने जाते, पण आंब्यापासून गणपतीपर्यंतचा हिशेब चार महिन्यांत बसत नाही.

तेव्हा मागणी अशी. या दोन जिल्ह्यांत राज्याच्या खर्चाने काही शे घरांची वेगळी पाहणी करा. त्याच घरांत हंगामानुसार वर्षभर जा. बाईची मुलाखत तिचीच घ्या, शक्यतो एकटीची. मुंबईतल्या माणसाला, त्याची संमती घेऊन, फोनवर विचारा आणि दोन्ही कागद एका क्रमांकाने जोडा. पैशांबरोबर हेही विचारा: रात्री म्हातारा आजारी पडला तर दवाखान्यात कोण नेतं? मोठा खर्च कोण ठरवतं? नावगाव काढून ही माहिती इथल्या महाविद्यालयांनाही द्या. आमची मुलं त्यावर काम करतील.

अख्खं कुटुंब एका चुलीवर सापडायचं तर गणपतीत. पण पाहणीला येणारा माणूस कोकणातलाच असला तर त्यालाही तेव्हा रजा हवी असणार. मग ती भेट शिमग्याला ठेवा, बरेच चाकरमानी तेव्हाही येतात.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका
रत्नागिरी