लग्नाच्या खर्चाबद्दल, एकदाचं

ती. आई आणि ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय. पत्रात निदान मध्येच कुणी फोन काकूच्या हातात देत नाही.

आम्ही नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे. विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. मंगल कार्यालय नाही, बँड नाही, मानपान नाही. मुलाकडच्यांनीच असं सांगितलं असेल, असं काकू म्हणाली म्हणे. उलट त्याच्या आईला पंगत हवीच होती. हे माझं आहे, आणि तुमच्याच घरातून आलेलं आहे.

बाबा, सुट्टे नसले की तुम्ही तिकिटामागं बाकी लिहून द्यायचात. म्हातारी माणसं विसरून उतरायची, तर गाडी थांबवून, हाका मारून त्यांचे आठ आणे हातात ठेवायचात. ड्रायव्हरकाका चिडायचे. मी पुढं बॉनेटजवळ पेंगत असायचे, मग तुम्ही दांडीवर पंच टकटक वाजवून मला उठवायचात. अजून कुठं तसा आवाज आला की वाटतं, आपला थांबा आला.

मध्यंतरी ऑफिसात प्रशिक्षण होतं. आपापली मूल्यं कागदावर लिहा म्हणाले. सगळ्यांनी प्रामाणिकपणा, कुटुंब असं लिहिलं, मीही लिहिलं. लिहायला काय जातं! पंचाईत झाली ती कार्यालयाचे ताटामागचे दर ऐकल्यावर. तुमचं मन मोडायचं नाही, हे माझंच. ऋण काढून सण करायचा नाही, हेही माझंच. दोन्ही एकदम जमेना, तेव्हा आधी कुठलं ते ठरवावं लागलं. माईआत्याचं लग्न आठवलं, ओढ्याकडचा तुकडा आठवला. आजोबा नंतर त्या वाटेनं कधी गेलेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, आपण कुठं कर्ज काढतोय, साठवलंय की. माहीत आहे. आईनं रिक्षाचे पैसे वाचवून भिशी भरली, तेही माहीत आहे. म्हणून तर ते एका दिवसात उडवायला माझा हात धजत नाही. ते पैसे तिच्या गुडघ्यांचे.

आणि बाबा, दर ११ एप्रिलला डेपोत जोतिबांच्या फोटोला हार कोण घालायचं? १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय लग्न लागलं, हे मी तुमच्याच भाषणात ऐकलंय. आमच्या पाठीशी निदान १९५४चा कायदा आहे. त्या माणसांना तर सगळा गाव अंगावर घ्यावा लागला असेल.

तुमची हौस मी पुरती मारत नाहीये. आई, हळद घरीच लावू, तुझ्याच हातची. तू करून ठेवलेलं मंगळसूत्र घालीन, तुझा जांभळा शालू नेसेन. घरची माणसं, पुरणपोळी आणि कटाची आमटी, बस्स. पुण्यात खालच्या मजल्यावरची खोली तुमच्यासाठी लावून ठेवलीय. कमोड आहे, गरम पाणी आहे, आणि बाबांचा पेपर सकाळी सहालाच येतो. नोंदणी कार्यालयात लिफ्ट आहे, बसायला खुर्च्या आहेत, मी बघून आलेय. साक्षीदारांतली पहिली सही बाबांची.

आता नीट ऐका. बीपीची गोळी अर्धी तोडून पुरवायची नाही. आईनं जिना उतरायचा नाही, दूध शेजारचा पोरगा आणून देईल, त्याच्याशी बोललेय. ऑपरेशन दिवाळीनंतर वगैरे नाही, लग्न झालं की लगेच. काकूला मी स्वतः फोन करते, तुम्ही वाद घालू नका. निघताना दोघांची आधार कार्डं हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. आणि लाल डब्यानं यायचं नाही, बाबा, पास असला तरी. मी गाडी पाठवतेय.

तुमची,
बाळी

ता. क. केळवण मात्र दणक्यात करा. त्याला मी काही म्हणणार नाही.