आधी पाखाड्या राखा, नवी उद्याने मग बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रत्नागिरीसारख्या लहान किनारी शहरात लोकांना फिरायला, मुलांना खेळायला आणि वयस्कांना मोकळ्या हवेत बसायला जागा हव्यात, याविषयी कोणाचेच दुमत नसावे. मतभेद आहे तो अशा जागा कुठे शोधायच्या आणि त्या कशा असाव्यात याविषयी. उद्यान म्हटले की प्रवेशाची कमान, कारंजे, हिरवळ, पेव्हर ब्लॉकची वाट आणि लोखंडी घसरगुंड्या असे एकच चित्र बहुतेकांच्या नजरेसमोर येते आणि अंदाजपत्रकेही त्याच चित्रानुसार तयार होतात. माझे म्हणणे असे आहे की, आपल्या शहरातील सर्वांत जुनी, सर्वांत लांब आणि सर्वांना खुली असलेली फिरण्याची जागा म्हणजे येथील पाखाड्या, अर्थात चढ-उतारावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटा होत. त्यांची मोजणी, नोंद आणि दुरुस्ती हे पहिले काम असले पाहिजे. नव्या उद्यानावरील खर्चाचा विचार त्यानंतर करता येईल.

वरच्या सपाटीवरची घरे आणि खालची वस्ती, खाडीकाठ किंवा बंदर यांना जोडणारी, जांभ्या चिऱ्यांच्या रुंद व कमी उंचीच्या पायऱ्यांची ही वाट कोकणातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. मात्र ती किती विचारपूर्वक बांधलेली असते, याकडे आपले लक्ष जात नाही. डोक्यावर पाटी किंवा खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाचा दम राखला जावा, म्हणून पायरी उथळ ठेवलेली असते. चढ मोठा असेल तर मध्येच एक सपाट टप्पा येतो आणि पुष्कळदा तो आंब्याच्या किंवा वडाच्या सावलीत असतो. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती असतात, त्यांच्या पायथ्याशी पाणी उतरायला पन्हळ असते, आणि चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट नसल्याने काही पाणी खाली मुरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एवढ्या उतारावरची वाट पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती या रचनेमुळे. शेवाळ चिऱ्यावरही धरते, परंतु त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर पाय धरून राहतो. गुळगुळीत सिमेंटवर तो राहत नाही, याचा अनुभव पावसाळ्यात घसरून पडलेल्या कोणालाही विचारावा.

या पाखाड्यांचे आज काय होत आहे ते किनाऱ्यावरील कोणत्याही लहान शहरात दिसते, त्यामुळे येथे एखाद्या गावाला किंवा कार्यालयाला दोष देण्याचा हेतू नाही. दुचाकी दारापर्यंत नेता यावी म्हणून पायऱ्यांच्या अर्ध्या भागावर सिमेंटचा उतार घातला जातो. नळाचे पाइप पायऱ्यांवरूनच टाकले जातात आणि त्यांना अडखळून चालावे लागते. चिरे निखळले की त्या जागी चिरे न बसवता चकचकीत लाद्या बसवल्या जातात. पन्हळ बुजते, मग पाणी पायऱ्यांवरून धावते आणि दोन-चार पावसाळ्यांत खालची माती वाहून जाऊन अख्खा टप्पा खचतो. याहून गंभीर बाब म्हणजे जुने घर पडून नवी इमारत उभी राहते तेव्हा तिच्या आवारभिंतीत पाखाडीचा तुकडा हळूच सामावला जातो. वापर कमी झालेला असल्याने तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. एक तुकडा गेला की वरची आणि खालची अशी दोन्ही टोके निरुपयोगी होतात.

येथे कायद्याची बाजू लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० नुसार कोणा व्यक्तीच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि पायवाटा या राज्य शासनाची मालमत्ता आहेत. म्हणजे ज्या पाखाडीची नगर भूमापनाच्या नकाशात सार्वजनिक वाट म्हणून नोंद आहे, तिला भक्कम आधार आहे. अडचण येते ती केवळ वहिवाटीने चालत आलेल्या, खाजगी ठिकाणांतून जाणाऱ्या वाटांची. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे अशा वाटेचा उपयोग उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे झाला असेल तर जाण्या-येण्याचा हक्क प्रस्थापित होऊ शकतो. त्याच कायद्यात असेही आहे की सलग २० वर्षे उपयोग झाला नाही तर तो हक्क नष्ट होतो. सार्वजनिक वहिवाटीचा प्रश्न यापेक्षा व्यापक आहे हे मान्य करूनही, त्यातून निघणारा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. ज्या वाटेवरून लोक चालत नाहीत, ती वाट आधी गवताखाली जाते आणि मग कागदावरूनही जाते. म्हणून पाखाड्यांवरून चालण्याची सवय टिकणे हा आरोग्याचा विषय आहे, तितकाच तो हक्काचाही विषय आहे.

मोजणीसाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते, तिचा मार्ग ठरलेला असतो आणि तो खांदा देणाऱ्या मंडळींना तोंडपाठ असतो. टोपली घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या बायकांना, जुन्या पोस्टमनांना आणि गणपती पायी विसर्जनाला नेणाऱ्या कुटुंबांना कोणती वाट कोठे निघते हे आजही ठाऊक आहे. प्रभागवार या लोकांना सोबत घेऊन प्रत्यक्ष चालावे, मोबाइलवर वाट टिपावी, ती नगर भूमापनाच्या नकाशाशी ताडून पाहावी आणि जी वाट नकाशात नाही तिची यादी स्वतंत्र करावी. शहरातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना एका हिवाळ्यात हे काम सहज करता येईल. पुढील विकास योजनेत या वाटा पादचारी मार्ग म्हणून दाखवल्या गेल्या, तर त्यांना संरक्षण मिळेल आणि बांधकाम परवानगी देताना त्या डोळ्यांआड होणार नाहीत.

अशी साखळी जुळली तर शहराला काय मिळेल याचा विचार करावा. मांडवीची जेटी आणि तिच्या बाजूची काळी वाळू, भाट्याचा किनारा आणि त्यावरचे सुरूचे बन, तीन बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग आणि त्यातले भगवतीचे देऊळ, ब्रह्मदेशचा राजा थिबा १९१६ मध्ये निधन होईपर्यंत ज्या वास्तूत राहिला तो थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिर. ही सगळी ठिकाणे आपल्याकडे आहेतच. पर्यटक ती गाडीने एकामागून एक पाहतो आणि निघून जातो. शहरात राहणाऱ्या माणसाला मात्र यातील एखाद्या ठिकाणी रोज संध्याकाळी, रहदारीत जीव मुठीत न धरता, पायी जाता आले पाहिजे. मुख्य रस्त्यांना सलग पदपथ देणे चढ-उताराच्या आणि अरुंद आळ्यांच्या शहरात कठीण आहे हे मी समजू शकतो. पण पाखाड्या या रस्त्यांना समांतर किंवा छेदून जातात, त्यांवर मोटारी येऊ शकत नाहीत, त्यांना सावली आहे. पदपथ म्हणून जे आपल्याला बांधता येत नाही ते पूर्वजांनी बांधून ठेवलेले आहे.

दुरुस्तीचे काम करताना चार गोष्टी सांभाळाव्यात अशी विनंती आहे. चिऱ्याच्या जागी चिराच बसवावा आणि ते काम चिरा घडवणाऱ्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. पन्हळ आधी मोकळी करावी, पायऱ्या नंतर. तीव्र उतारावर एका बाजूला धरायला कठडा द्यावा. आणि गडग्यालगतचे गवत पाऊस सरताच कापण्याचे वेळापत्रक ठरवावे. आपल्या कातळात फुरसे हा विषारी साप फार, आणि त्याच्या भीतीने अनेक पालक मुलांना या वाटेने पाठवत नाहीत. दिवे हवेत हे उघड आहे, परंतु ते गुडघ्याच्या उंचीचे व खाली प्रकाश टाकणारे असावेत. झगझगीत खांबांमुळे पायरीची कड उलट दिसेनाशी होते.

पाखाडी सर्वांच्या उपयोगाची नाही, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, चाकाच्या खुर्चीवर असलेल्या व्यक्तीला किंवा बाबागाडी घेऊन निघालेल्या आईला पायऱ्यांचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी सपाट, बिनपायऱ्यांची जागा लागते आणि ती देणे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार कर्तव्यही आहे. उद्यानांवरचा पैसा खऱ्या अर्थाने येथे खर्च व्हावा: प्रत्येक प्रभागात एक लहान, सपाट, सावलीची जागा, जिथे पोचायला रिक्षा करावी लागणार नाही. मुलांची गरज वेगळी आहे. भातकापणी झाली की दिवाळीनंतर थेट पावसाच्या तोंडापर्यंत मळे हीच त्यांची क्रिकेटची आणि कबड्डीची मैदाने असत, आणि त्यासाठी कोणी परवानगी मागत नसे. त्यातले पुष्कळ मळे भराव टाकून भूखंड झाले आहेत. त्या मैदानांची भरपाई एका झोपाळ्याने आणि दोन घसरगुंड्यांनी होत नाही. मुलांना धावायला मोकळी जमीन लागते.

ती जमीन विकास योजनेत उद्यान किंवा क्रीडांगण म्हणून आरक्षित असते, पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत संपादन झाले नाही तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. जमीनमालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. दक्ष राहायचे आहे ते नागरिकांनी. कोणते आरक्षण कोणत्या वर्षी केले, १० वर्षे कधी पूर्ण होतात, सूचना आली आहे काय, ही माहिती नगर परिषदेच्या फलकावर वर्षातून एकदा लागली पाहिजे. उद्यानासाठी राखलेली जागा इतर कामासाठी, मग ते रुग्णालय का असेना, वळवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका प्रकरणात १९९१ मध्ये दिला आहे. तो लोकप्रतिनिधींच्या टेबलावर असावा.

नवी उद्याने करायचीच तर ती कोकणच्या हवेला धरून असावीत. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी व्यायामयंत्रे गंजतात आणि मग त्यांचे धारदार अवशेष मुलांच्या वाटेत उभे राहतात. शीळ धरणावर तहान भागवणाऱ्या शहराने मे महिन्यात हिरवळीला पाणी घालणे योग्य नाही. आपल्याकडे उंडी आहे, जी समुद्राचा वारा अंगावर घेऊन दाट सावली देते. ओवळ आहे, सुरंगी आहे, करंज आहे, वड आहे. चिऱ्याचा पार आणि त्यावर यांपैकी एक झाड, एवढ्याने बसायची उत्तम जागा होते व तिला देखभालही थोडी लागते. वेंगुर्ले शहराने कचरा डेपोच्या जागेचे रूपांतर लोकांनी आवर्जून पाहायला जावे अशा स्थळात केले, हे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे; ते शक्य झाले कारण आधी कचऱ्याच्या वर्गीकरणाचे काम नेटाने झाले, सुशोभीकरण त्यामागून आले.

शहराच्या कडेचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारे, हा याच विषयाचा पुढचा भाग आहे. महसुली कागदपत्रांत पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, म्हणून दिसणारा हा कातळ पहिल्या पावसानंतर दीपकाडीच्या पांढऱ्या फुलांनी आणि श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे व गेंद या रानफुलांनी भरून जातो. याच जिल्ह्यातल्या सड्यांवरील कातळशिल्पांसह कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली. सड्यावर काही बांधण्याची गरज नाही. चालण्याच्या दोन-तीन वाटा दगडांनी आखाव्यात, त्या सोडून फुलांत पाय पडू नये म्हणून सूचना लावाव्यात, आणि गाड्या कातळावर चढणार नाहीत अशी व्यवस्था करावी, इतकेच पुरे आहे. शाळांच्या सहली दूरच्या जलउद्यानांत नेण्यापेक्षा एक सकाळ येथे आणल्या तर मुलांना आपल्याच जमिनीची ओळख होईल.

उद्याने, बागा आणि क्रीडांगणे पुरवणे हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत नमूद आहे. येत्या अंदाजपत्रकात या शीर्षाखाली जी रक्कम ठेवली जाईल तिच्यातला पहिला वाटा पाखाड्यांच्या मोजणीसाठी आणि निदान प्रत्येक प्रभागातील एका पाखाडीच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. मोजणी दिवाळीनंतर सुरू झाली तर गवत वाळलेले असते आणि वाटा दिसतात. शिमग्यापर्यंत यादी तयार होऊ शकते आणि दुरुस्तीला पावसाआधीचे दोन-अडीच महिने मिळतात. आपल्या दैनिकाच्या वाचकांपैकी ज्यांना आपल्या वाडीतील किंवा आळीतील बंद पडलेली अथवा अडवली गेलेली पाखाडी माहीत असेल, त्यांनी तिची माहिती लेखी स्वरूपात आपल्या नगरसेवकाकडे द्यावी आणि त्याची पोच जपून ठेवावी, अशी विनंती मी या पत्राद्वारे करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी