अमिल्कार काब्रालबद्दल, सुहासला

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यलढ्यातला असा एखादा तरुण पुढारी सांग, ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, असं तू लिहिलंस. मला लगेच अमिल्कार काब्राल आठवला. पोर्तुगीज गिनीचा, म्हणजे आजच्या गिनी-बिसावचा. पोर्तुगालच्या ज्या हुकूमशहानं, सालाझारनं, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा सोडला नाही, त्याच्याच राजवटीशी हा माणूस पश्चिम आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या देशात झुंजला. आणि शिक्षणानं होता तुझ्यासारखाच, कृषी पदवीधर! म्हणून तुला जरा सविस्तर सांगतो.

जन्म १२ सप्टेंबर १९२४, बाफाता गावी. घराणं अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांवरचं, तीही पोर्तुगीजांचीच वसाहत, शाळाही तिकडेच झाली. १९४० च्या दशकात त्या बेटांवर दुष्काळामागून दुष्काळ पडले आणि हजारो माणसं अन्नावाचून मेली. मुळात कोरडीच ती बेटं, पण दूर लिस्बनला बसलेल्या सरकारनं लोकांना मरू दिलं. १९४५ साली शिष्यवृत्ती मिळून तो लिस्बनला गेला आणि तिथं त्यानं शेतीशास्त्र निवडलं, ते हे सगळं डोळ्यांदेखत पाहिल्यामुळेच, असं मला वाटतं. तिथंच पोर्तुगीजांच्याच ताब्यातल्या अंगोलाच्या आगुस्तिन्यु नेतुसारखे मित्र भेटले, आणि सगळ्यांच्या मायभूमीचं दुखणं एकच आहे हे त्यांना उमगलं.

१९५२ साली तो सरकारी कृषी अभियंता म्हणून गिनीत परतला. पुढच्याच वर्षी त्याच्याकडे वसाहतीच्या कृषी गणनेचं काम आलं. सुहास, त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा काळ. बंदुकीचं नावही नव्हतं तेव्हा. तो आणि त्याची पत्नी मारिया एलेना, तीही त्याच्याच बरोबर शिकलेली, गावोगाव फिरले. कोण किती जमीन कसतं, भात किती, भुईमूग किती, कुठल्या जमातीत शेतीची कामं कशी वाटली जातात, हे सगळं कागदावर उतरलं. बालांता जमातीचे शेतकरी भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवतात, अगदी आपल्याकडच्या खाजणासारखं. त्या बांधांमागचं कसब त्यानं समजून घेतलं. भुईमूग मात्र परदेशी व्यापारासाठी, आणि भाव ठरवणार व्यापारी कंपन्या. सरकारनं पगार दिला, सरकारनं फिरवलं, आणि पुढे सरकारविरुद्ध उभं राहताना त्याला आपला देश शेताशेतानिशी ठाऊक होता. दुसऱ्या कुठल्या क्रांतिकारकाची तयारी इतकी जमिनीवरची होती, मला तरी आठवत नाही.

१९५६ साली, बत्तिशीत, बिसावमध्ये मोजक्या सोबत्यांसह त्यानं पक्ष काढला. सुरुवात शहरातल्या कामगारांपासून झाली. ३ ऑगस्ट १९५९ रोजी पिजिगितीच्या धक्क्यावर पगारवाढ मागणाऱ्या गोदी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पक्षानं ठरवलं: शहरात उघड्यावर मरायचं नाही, गावात जायचं.

आता गावात जाऊन बोलायचं काय? शेजारच्या, गिनी याच नावाच्या वेगळ्या देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, त्यानं तरुण कार्यकर्त्यांचे वर्ग घेतले. तिथं गावात शिरण्याची तालीम चालायची, अगदी नाटकासारखी. कुणी गावातला वडीलधारा व्हायचा, कुणी नवखा कार्यकर्ता, आणि पाहुण्यानं नमस्कार कसा करायचा, बोलणं कुठून काढायचं, इथपासून सगळं घोटून घेतलं जायचं. ‘साम्राज्यवाद’ वगैरे शब्दांनी सुरुवात करायची नाही, हे त्याचं सांगणं. विचारायचं ते हे, की यंदा कर किती भरलास, भुईमुगाला काय मिळालं, घरात कोण सक्तीच्या कामाला गेलं होतं का. लोक कुणाच्या डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत, आपलं जगणं सुधारावं, पोरांचं भलं व्हावं म्हणून लढतात, हे तो पुन्हापुन्हा सांगे.

सशस्त्र लढा १९६३ च्या जानेवारीत तितेच्या लष्करी ठाण्यावरच्या हल्ल्यानं सुरू झाला. लढायांच्या हकिकती सोडून देतो. मुक्त केलेल्या भागात शाळा उघडल्या, दवाखाने निघाले, लोकांची दुकानं आली, जिथं तांदूळ देऊन कापड-मीठ नेता येई. आणि तिथंच एक जुनं दुखणंही डोकं वर काढू लागलं. काही स्थानिक कमांडर स्वतःच राजे झाले, लोकांना छळू लागले. १९६४ च्या फेब्रुवारीत कासाकाच्या अधिवेशनात त्यानं हे झाकलं नाही. युद्ध ऐन भरात असताना स्वतःच्याच माणसांचा हिशेब मागितला. पुढच्या वर्षी कार्यकर्त्यांना लेखी बजावलं, की लोकांपासून काही लपवू नका, खोटं बोलू नका, अडचणी आणि चुका झाकू नका, सोप्या विजयाच्या बढाया मारू नका. पुढाऱ्याची परीक्षा इथं होते, सुहास, आणि तो तीत उतरला म्हणून मी त्याच्यापुढे नतमस्तक आहे.

तरी एक गोष्ट मला सलते. गिनी आणि केप व्हर्दे मिळून एक देश, हा त्याचा ध्यास. पण बेटांवरचे शिकलेले लोक वरच्या जागांवर आणि जंगलात रक्त सांडणारे बहुतेक गिनीतले, ही सल खाली धुमसत होती. तिची खोली त्याला पुरती जोखता आली नाही, असं मला वाटतं. २० जानेवारी १९७३ च्या रात्री कोनाक्रीत त्याच्या घरासमोर त्याला गोळ्या घातल्या, त्या त्याच्याच पक्षाच्या माणसांनी. पोर्तुगीजांनी ही सल आपल्या कामासाठी वापरली, पण ती होती पक्षातल्या माणसांमधलीच. गिनी-बिसावमधल्या १९८० च्या लष्करी बंडानंतर दोन देशांच्या एकीचं स्वप्नही मोडलं.

लढा मात्र थांबला नाही. २४ सप्टेंबर १९७३ रोजी मादिना दु बोएच्या रानात स्वातंत्र्याची घोषणा झाली. आणि पुढच्या एप्रिलमध्ये लिस्बनमधली हुकूमशाही उलथवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांत गिनीत लढून आलेले कितीतरी होते. आपलं भांडण पोर्तुगीज जनतेशी नाही, वसाहतवादाशी आहे, असं तो सुरुवातीपासून सांगत होता. ते त्याच्या मरणानंतर पंधरा महिन्यांत असं खरं ठरलं.

तू सध्या पीकपाहणीच्या कामावर आहेस. तुमच्या तक्त्यात क्षेत्र आणि पीक असणारच. पण शेतकऱ्याच्या हातात शेवटी भाव किती पडला आणि देणं कुणाचं आहे, यांना रकाना आहे का? नसेल, तर तू स्वतःच्या वहीत ते लिहून ठेवतोस का, तेवढं कळव.

तुझा,
मिलिंद