बोटीचा रंग

सेंट आइव्हज, कॉर्नवॉल
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता हात वळत नाही गं. आणि वळला तरी बघणार कोण?" लगेच आईनं फोन घेतला, दादाच्या बदलीचं निघालं आणि तुमचं ते वाक्य तिथंच राहिलं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

इथं समुद्राच्या अगदी वर उतरणीला एक दफनभूमी आहे, बार्नून नावाची. तिथं एक कबर आहे. वर भाजलेल्या मातीच्या फरशा बसवल्यात. त्यांवर एक दीपगृह आणि त्याच्या दाराशी काठी टेकत निघालेला एक लहानसा म्हातारा. फरशा बर्नार्ड लीच यांनी केलेल्या. याच गावात १९२० साली शोजी हमादा या जपानी कुंभाराला बरोबर घेऊन त्यांनी भट्टी घातली होती. कबर आल्फ्रेड वॉलिस यांची. सुट्टीच्या दिवशी मी तिथं जाऊन बसते. तुम्हाला त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

वॉलिस १८५५ साली जन्मले. जन्मभर मासेमारी आणि बोटी. पुढं याच गावात बंदराजवळ जुनं लोखंड, शिडं, दोर घेण्या-विकण्याचं दुकान. चित्रकला कुठं शिकले नाहीत. १९२२ साली बायको गेली, घर रिकामं झालं, आणि सत्तरीला टेकल्यावर सोबत म्हणून त्यांनी रंगवायला घेतलं. रंग कुठला? बोटींना लावायचा! आणि कागद म्हणजे खोक्यांचे फाटके पुठ्ठे. पुठ्ठा वाकडा असला तर ते सरळ कापत नसत, चित्रच त्या वाकडेपणात बसवत. बाबा, हे तुम्ही पाहायलाच हवं. कितीदा समुद्राला रंगच लावलेला नाही, पुठ्ठ्याचा तपकिरी रंग तसाच ठेवलाय, आणि तरी ते पाणी वाटतं. काळा, पांढरा, हिरवा, करडा, बस्स. ज्याचं मोल त्यांना जास्त, ते चित्रात मोठं. मग मासा बोटीएवढा झाला तरी चालेल. आणि विषय एकच, त्यांच्या तरुणपणीची शिडाची जहाजं, जी तोवर बंदरातून नाहीशी झाली होती.

फ्लेक्स आला आणि कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानांवरच्या, तुम्ही हातानं रंगवलेल्या पाट्या एकेक करून उतरल्या, ते दिवस मला आठवतात. म्हणून हे वाचताना माझं काय झालं असेल, तुम्हाला कळेल.

गावातल्या लोकांना या चित्रांचं काही नव्हतं. मग १९२८ च्या ऑगस्टमध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वूड हे दोन तरुण चित्रकार किनाऱ्यावरून परतत होते. बॅक रोड वेस्टवरच्या एका घराचं दार उघडं होतं आणि आत भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली चित्रं दिसत होती. ते आत गेले. शिकलेली माणसं ती, पण त्या म्हाताऱ्याकडून शिकून परतली. पुढं लंडनच्या टेट संग्रहालयात नोकरीला असलेले जिम ईड पोस्टानं चित्रं मागवू लागले. वॉलिस चित्रांचा गठ्ठा बांधून पाठवत, ईड त्यातली निवडून थोडे शिलिंग धाडत. केंब्रिजमध्ये ईड यांच्या घरात, केटल्स यार्डमध्ये, आज त्यांची शंभराहून अधिक चित्रं आहेत.

पैसा मात्र मिळाला नाही, हेही सांगते. १९४२ साली मॅड्रनच्या, गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात ते वारले. तुम्ही आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमानांचं सांगायचात ना, कोटीतीर्थ तळ्याच्या काठी, तसंच काहीसं. तुम्ही त्यांच्या हलाखीपाशी थांबायचात. मला लहानपणी वाटायचं, हा माणूस रोज तिथं बसून तेच पाणी, तीच झाडं रंगवतो, म्हणजे त्याला ती किती आवडत असतील.

आता माझं. पोर्थमिअर स्टुडिओत मी संध्याकाळच्या वर्गाला जाते. खाली तळघरात कोळ्यांची जाळी, वर चित्रकार, आणि समुद्राकडं उघडणाऱ्या मोठ्या खिडक्यांतून उत्तरेचा उजेड. पहिले दोन महिने मी कोपऱ्यात बसून वही मिटून घ्यायची. एके दिवशी शेजारच्या आजी वाकून बघत म्हणाल्या, "तुझी रेघ वेगळी आहे. अक्षर लिहिल्यासारखी ओढतेस, मध्ये थांबत नाहीस." मी घरी येईपर्यंत रडत होते. बाबा, ती रेघ तुमची आहे. खडूची भुकटी लावलेल्या दोऱ्याचं एक टोक मी धरायची, दुसरं तुम्ही. दोरा टणकन वाजायचा, पत्र्यावर पांढरी ओळ उमटायची. मग तुम्ही श्वास रोखून 'श्री'ची वेलांटी एका दमात फिरवायचात. मी बघत होते, बाबा. "बघणार कोण" म्हणता, तेव्हा मला धरतच नाही तुम्ही.

आता एक मागणं आहे. पावसाळ्यात रंकाळा तलावातला संध्यामठ पाण्यात बुडतो, ते तुम्ही कामातून उरलेल्या रंगात जुन्या पत्र्यावर काढलं होतं. आईनं तो पत्रा पाण्याच्या पिंपावर ठेवलाय, गेल्या वर्षी मी बघून आले. एक कोपरा गंजलाय, पण पाण्यातलं ते दगडी छत अजून स्पष्ट आहे. तो काढा, पुसा आणि पुढच्या दाराजवळ भिंतीला ठोका, रस्त्यावरून दिसेल असा. त्याच्या शेजारी एक नवा लावा. पत्रा नको, दादाच्या टीव्हीचं खोकं माळ्यावर आहे, ते फाडा. उरलेल्या डब्यांतला जो रंग वाळला नसेल तो घ्या. रंकाळा काढा, नाहीतर आईची चूल, काहीही. पूर्ण नाही झालं तरी फोटो पाठवा, मी वर्गातल्या आजींना दाखवणार आहे.

मी फेब्रुवारीत येते. येताना चपटे ब्रश आणते, ३ नंबर आणि ६ नंबर, तुम्हाला लागतात तसे.

आईला साष्टांग नमस्कार. तिला म्हणावं, पिंपाला दुसरं झाकण बघ.

तुमची,
माई