तो बेडूकमासा नव्हे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला प्राचीन उभयचरांवरचा लेख कालच वाचला. असा विषय मराठी वृत्तपत्रात क्वचितच येतो, म्हणून आधी आभार. पण सोबतचं चित्र पाहिलं आणि राहवलं नाही. ३० कोटी वर्षांपूर्वीच्या उभयचराचं पिल्लू म्हणून तुम्ही बेडूकमासा छापला आहे! गोल डोकं, लांब शेपूट, पायांचा पत्ता नाही. वर लेखात 'उभयचर म्हटला की बेडूकमासा आलाच' हे वाक्य.

नाही येत. जर्मनीतल्या जुन्या तळ्यांच्या गाळात त्या काळातल्या 'अपॅटिऑन' या उभयचराची पिल्लं सापडली आहेत. त्यांना चार पाय आहेत, तोंडात दात आहेत आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आहेत. ती हळूहळू वाढत. काही जातींचे कल्ले पुढे गळत आणि त्या जमिनीवर येत. काही मात्र जन्मभर कल्ल्यांसकट पाण्यातच राहत आणि तिथेच प्रजनन करत. मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल हा उभयचर आजही हेच करतो. हल्ली पोरांच्या कंपासपेटीवर त्याचं गुलाबी चित्र असतं. ते पाहून चित्र काढलं असतं तरी कमी चुकलं असतं. ड्रेस्डेनजवळच्या अशा जीवाश्मांची लहान-मोठी रांग लावून जर्मन भूवैज्ञानिक हर्मान क्रेडनर यांनी १८८० च्या दशकातच ही वाढ दाखवली होती. आणि बेडूकमाशाचा सर्वांत जुना ज्ञात जीवाश्म अर्जेंटिनातला, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं वर्णन २०२४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे तुमचं चित्र जवळपास निम्म्या काळाने चुकलं.

मला हे इतकं लागायला कारण आहे. मी ठाण्यात २७ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. एका विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतल्या मुलीने शाडूच्या मातीची सात पिल्लं केली होती, करंगळीपासून वीतभर लांबीपर्यंत. कल्ल्यांसाठी लाल लोकर एकेक धागा सोडवून चिकटवली होती. परीक्षक म्हणाले, "कल्ले असले की मासा. याला पाय कशाला लावलेस?" आणि तिसऱ्या पिल्लाची लोकर बोटाने उपटून बघितली. मी पुस्तक उघडून दाखवलं, त्यांनी पाहिलंही नाही. मुलगी बक्षिसासाठी रडली नाही. ती तुटलेला धागा टेबलाखाली शोधत बसली होती. त्या परीक्षकांच्या डोक्यात असंच एक चित्र असणार. काल तुमच्या पुरवणीतून ते किती घरांत गेलं असेल!

आणखी एक. अख्ख्या लेखात जर्मनी, अमेरिका आहे. आपलं काहीच नाही. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमधल्या गाळाच्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडले. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं, १९३० मध्ये त्यांना 'इंडोबॅट्राकस' हे नाव मिळालं. त्याच ओवेन यांनी १८५५ मध्ये विदर्भातल्या मांगलीच्या 'ब्रॅकिऑप्स' या प्राचीन उभयचराची कवटी अभ्यासली. ठाण्या-मुंबईच्या वाचकाला वरळीचा बेडूक सांगायला दोन ओळीही मिळू नयेत?

कृपया दुरुस्ती छापा, आणि ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको. चित्र जेवढं मोठं होतं तेवढीच हवी. ती सातही पिल्लं माझ्या कपाटात आहेत, फोटो काढायला केव्हाही या.

- एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे