चांदणीखालची ओळ

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात नशेच्या गोळ्या विकणाऱ्या दोन पोरांची बातमी होती. फोटोत पोरं उकिडवी बसलेली, तोंडाला रुमाल, पुढ्यात स्ट्रिपांचा ढीग, मागे चार पोलीस. मी चष्मा पुसून आधी स्ट्रिपा बघितल्या. सवयच तशी. एकतीस वर्षं एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधं पटवणारा कंपनीचा प्रतिनिधी होतो, हेडक्वार्टर इंदूर, टूर रतलाम-मंदसौर-नीमच. त्यातली काही वर्षं माझ्या बॅगेत ट्रामाडॉल हे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक होतं.

व्हिज्युअल एडचं, म्हणजे डॉक्टरांना दाखवायच्या जाहिरातीच्या चोपडीचं, ते पान अजून डोळ्यांसमोर आहे. बागेत नातवाला खांद्यावर घेतलेले आजोबा, खाली कंपनीने पाठ करून घेतलेलं वाक्य. मी ते डॉक्टरांपुढे हिंदीत म्हणायचो, “सर, दर्द में मॉर्फिन जैसा आराम, और आदत नहीं लगती.” वाक्याच्या शेवटी एक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तिचा खुलासा: ‘डेटा ऑन फाइल’. कुठली फाइल, कुणाच्या कपाटात? इतक्या वर्षांत हे एकाच डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, मागवून देतो. एरिया मॅनेजरला फोन केला तर तो म्हणाला, “अगली बार सैंपल ज़्यादा दे देना.” मी दिले. बाईंनी ते घेतले नाहीत, एवढं मात्र सांगायला हवं.

निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या व्यसनाच्या, साथीबद्दल वाचू लागलो आणि तिथेही ही चांदणी भेटली. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही अशीच वेदनाशामक गोळी बाजारात आणली. गोळी हळूहळू विरघळते, त्यामुळे तिचा गैरवापर कमी होतो ‘असं मानलं जातं’, असं चक्क लेबलवर छापलेलं होतं. कोण मानतं? एमआरना शिकवलं गेलं की व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी सांगा. आणि अशा दाव्यांना आधार म्हणून वर्षानुवर्षं काय दाखवलं जायचं? १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेलं एक पत्र. शोधनिबंध नव्हे, संपादकांना लिहिलेलं पत्र, मी आत्ता लिहितोय तसंच. उलट माझं लांबलंय, ते जेमतेम पाच वाक्यांचं होतं. अफूजन्य औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची, एवढंच त्यात होतं. पण ते सगळे दवाखान्यात भरती असलेले रुग्ण होते, औषध नर्सच्या हातून घेणारे. घरी महिनोन् महिने गोळ्या खाणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अक्षर नव्हतं. त्याच नियतकालिकाने २०१७ साली मोजदाद छापली, तेव्हा त्या पत्राचा हवाला ६०८ ठिकाणी दिलेला सापडला. त्यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक ठिकाणी तो ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून होता.

२००१ मध्ये पर्ड्यूच्या एमआरला सरासरी ७१ हजार डॉलरहून जास्त बोनस मिळाला. मला एका वर्षी प्रेशर कुकर मिळाला आणि एका वर्षी गोव्याची ट्रिप. रकमेत फरक आहे, धंद्यात नाही. २००७ साली कंपनीने आणि तिच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड ६० कोटी डॉलरच्या वर गेला, पण तिघांपैकी तुरुंगात कुणी गेलं नाही. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडच्या अतिमात्रेने ८० हजारांवर माणसं मेली. तोवर मारणारं मुख्यतः चोरट्या बाजारातलं फेंटानिल हे जहाल ओपिऑइड होतं, हे खरं. पण कितीतरी जणांची सुरुवात डॉक्टरच्या चिठ्ठीपासून झाली होती.

आता माझं. मंदसौरच्या वाटेवरच्या एका कसब्यात मी आरसीपीए करत होतो, म्हणजे केमिस्टकडे बसून कुठल्या डॉक्टरची किती प्रिस्क्रिप्शनं आली ते टिपायचं. माझ्या ब्रँडच्या महिन्याभरात पंचवीस-तीस चिठ्ठ्या, आणि गोळ्या खपलेल्या दोन हजारांवर. मी केमिस्टकडे बघितलं. तो हसून म्हणाला, “ट्रकवाले ले जाते हैं भैया, रात भर गाड़ी खींचनी पड़ती है.” मी तिथेच पुढच्या महिन्याची ऑर्डर लिहून घेतली. मीटिंगमध्ये माझ्या नावाने टाळ्या वाजल्या. तो कुकर त्याच वर्षीचा.

या माळव्यात अफूच्या शेतकऱ्याला सरकारी पट्टा लागतो, चीक तोलून द्यावा लागतो, उतारा कमी भरला तर पट्टा जातो. ट्रामाडॉल कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्याला शेत लागत नाही आणि काटाही लागला नाही. अमेरिकेने त्याला २०१४ मध्ये नियंत्रित औषधांच्या यादीत घातलं, आपल्याकडे ते एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं एप्रिल २०१८ मध्ये. मग टॅपेंटाडॉल हे त्याच जातीचं वेदनाशामक पुढे आलं. महाराष्ट्रातल्या एका कंपनीत बनलेल्या, टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जातात, हे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखवलं. त्यानंतर कुठे सरकारने त्या मिश्रणाच्या उत्पादनाचे आणि निर्यातीचे परवाने काढून घेतले.

याचा अर्थ वेदनाशामकं बंद करा असा कुणी घेऊ नये. आमच्या वहिनी कॅन्सरने गेल्या. शेवटच्या महिन्यात मॉर्फिनच्या दहा गोळ्यांसाठी मी दवा बाजार, म्हणजे इंदूरची औषधांची घाऊक पेठ, पालथा घातला होता. अख्खी उमर ज्या बाजारात काढली, तिथे प्रत्येक जण मान हलवत होता. आणि मॉर्फिन ज्या अफूपासून निघतं, तिचा सरकारी कारखाना नीमचला आहे, इथून गाडीने काही तासांवर.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषधांच्या मार्केटिंगची नवी आचारसंहिता आणली. औषधाने व्यसन लागण्याचा धोकाच नाही असं ठामपणे सांगता येणार नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. पण तक्रार करायची कुणाकडे? कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीकडे. त्या पोरांना संघटना नाही, म्हणून ती फोटोत उकिडवी बसली होती.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी धाड पडली तर आपल्या वार्ताहराने स्ट्रिपवरचा बॅच नंबर विचारावा. त्यावरून माल कुठल्या कारखान्यातून कुठल्या स्टॉकिस्टकडे गेला ते निघतं. मग त्या गोळीचं व्हिज्युअल एड मागवावं आणि तळाची चांदणी शोधावी. नमुना हवा असेल तर माझं जुनं एड माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण आजोबा आणि खालची ओळ शाबूत आहेत. कार्यालयात आणून देईन, सकाळी अकरानंतर केव्हाही.

आपला,
एक निवृत्त एमआर
रामबाग, इंदूर
(नाव छापू नये. सूनबाई याच लाइनमध्ये आहेत.)